आमच्या मोरीतून गंगेपर्यंत

नाशिकमध्ये कुणी 'गोदावरीवर जाते' असं म्हणत नाही, मैत्रिणींनो. आम्ही 'गंगेवर' जातो. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "चल, गंगेवर जाऊन येऊ." मी बावळटासारखं विचारलं, "काशीला?" त्यावर घरात जो हशा पिकला, तो अजूनही सणासुदीला पाहुण्यांपुढे उकरून काढला जातो.

आमचं घर द्वारकेला. कृष्णाची द्वारका नव्हे हो, नाशिकची. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात (खरं म्हणजे अडवतात!) तो चौक. तिथून रामकुंड फार लांब नाही. सासूबाई दर पौर्णिमेला जातात आणि येताना तांब्याच्या गडूतून पाणी आणतात. गडू देवाजवळ ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पूजा झाली की पळीभर पाणी प्रत्येकाच्या हातावर. चौदा वर्षं मी हे तीर्थ निमूट घेत आले. पण गेल्या कोजागरीनंतरच्या सकाळी आमच्या कन्यारत्नानं हात मागे घेतला.

"आजी, मी नाही घेणार. यात प्लास्टिक असतं."

सासूबाईंनी गडूत वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. "कुठाय प्लास्टिक?" "दिसत नाही गं, बारीक असतं. बाईंनी सांगितलंय." सासूबाईंची पळी तशीच हातात राहिली. थोड्या वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे गंगाही बाटली म्हणायची." एरवी 'बाटली' या शब्दावर पोरगी हसली असती. पण आजीचा चेहरा पाहून तीही गप्प झाली.

त्या दिवशी मला दोघींचा सारखाच राग आला. पोरीचा, तिनं आजीला दुखावलं म्हणून. आणि सासूबाईंचा, त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मीच शिकवून पाठवलं होतं. मी अर्धवेळ शिक्षिका. मराठी आणि इतिहास शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध भाजी शिजवण्यापुरता. पण घरातलं भांडण मिटवायचं तर खरं काय ते कळायला हवं होतं. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या मागे लागले, त्यांनी दिलेलं वाचलं, आणि मग जे घरी करून पाहिलं तेच तुम्हांला सांगायला बसले आहे.

पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे मसुराच्या दाण्यापेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. सूक्ष्म प्लास्टिक म्हणू या. हे नाव सर्वांच्या तोंडी झालं ते २००४ साली. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत असे कण शोधून निबंध लिहिला, तेव्हापासून. प्लास्टिक कुजत नाही हे आपल्याला ठाऊक होतं. ते कुजत नाही, पण झिजतं, तडकतं, त्याचा भुगा होतो आणि तो भुगा प्लास्टिकच राहतो, हे आपण ध्यानात घेतलं नव्हतं. खरं तर हा प्रयोग तुमच्या-माझ्या गच्चीवर रोजच चालू असतो. वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आठवा. दोन उन्हाळे झाले की हातात घेताच तुटतात, बोटांना पांढरी पूड लागते. पावसाळ्याची ताडपत्री, गच्चीत राहिलेली बादली, नायलॉनची दोरी यांचंही तेच होतं. ती पूड आपण झाडून टाकतो, नाहीतर बादलीभर पाणी ओतून पन्हळीतून घालवतो. आणि पन्हळ कुठे जाते?

पण मला खरा धक्का बसला तो चिमट्यांनी नव्हे, धुण्यानं. प्लिमथच्याच विद्यापीठात २०१६ साली मोजलं गेलं, की सहा किलो अॅक्रिलिकचे कपडे यंत्रात एकदा धुतले तर सात लाखांच्या वर तंतू सुटू शकतात. पॉलिस्टरचे असले तर पाच लाखांच्या आसपास. पॉलिस्टर आणि सूत एकत्र असलेल्या कापडाचे त्याहून बरेच कमी, तरी लाखाच्या वर. आता आपली कपाटं उघडून बघू या. पोरांचे गणवेश टेरिकॉटचे. यांचे शर्ट तसेच. माझ्या 'सुळसुळीत, इस्त्री नको' म्हणून कौतुकानं घेतलेल्या साड्या पॉलिस्टरच्या. थंडीतले स्वेटर लोकरीचे म्हणून घेतलेले आणि निघाले अॅक्रिलिकचे. दर वर्षी हळदीकुंकवाला ओटीत येणारे ब्लाऊजपीसही बहुतेक त्याच जातीचे. (ते तर शिवलेही जात नाहीत. या घरून त्या घरी फिरतात आणि तीन वर्षांनी आपलाच आपल्याकडे परत येतो!)

एका रविवारी मी सासूबाईंच्या जुन्या मलमली लुगड्याचा तुकडा घेतला, चार पदरी केला आणि धुण्याच्या यंत्राचा पाणी जायचा पाइप मोरीत सोडतो, त्याच्या तोंडाला घट्ट बांधला. आपण औषधाचं चूर्ण वस्त्रगाळ करतो ना, तसंच. यंत्रात मुद्दाम नवी मऊ पांघरुणं आणि दोन स्वेटर टाकले. पाणी निघून गेल्यावर फडकं सोडलं, तर आत करड्या-निळ्या कापसाचा ओला थर! चमच्यानं खरवडून काढता आला. वाळवून पाहिला तर चिमटीत मावेना. आणि लक्षात घ्या, हे फक्त जाडंभरडं. जे मलमलीतून पार झालं ते मोरीतून पुढे गेलंच.

हा कापूस की प्लास्टिक, हे कसं ओळखायचं? ते मात्र आपल्या हातचं आहे. दुकानात रेशीम खरं की खोटं पाहायला आपण धागा जाळून बघतोच की. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झालं की टोकाला कडक मणी होतो. तापवलेली सुई जवळ नेऊन धागा वळतो का, हे प्रयोगशाळेतही पाहतात, असं आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. माझ्या चिमटीतल्या कापसाला काडी लावली तर त्याचा काळा खडा झाला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण तो खडा त्यांनी हातात घेऊन पाहिला.

आता हे पाणी जातं कुठे? आमच्या भागातून नासर्डी वाहते. तिचं खरं नाव नंदिनी, पण आता तिला पाहून ते नाव तोंडातून निघत नाही. ती सातपूरकडून येते, पुणे रस्त्याच्या पुलाखालून पुढे जाते आणि आगर टाकळीला गोदावरीला मिळते. हो, तेच टाकळी, जिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं. संगमाच्या पाण्यात उभं राहून ते जप करत असत, असं आपण वाचलेलं असतं. आज त्या पाण्यात पाऊल घालायला मन धजत नाही.

आणि नुसतं धुणंच नव्हे. आमच्या खिडकीच्या कठड्यावर सकाळी फडकं फिरवावं, तर संध्याकाळी पुन्हा काळी पूड. मी इतकी वर्षं तिला धूळ किंवा धूर समजत होते. तिच्यात गाड्यांच्या टायरची झीजही असते म्हणे. टायरमध्ये कृत्रिम रबर असतं, आणि ते दर ब्रेकला, दर वळणाला रस्त्यावर घासून सुटतं. ही झीजदेखील सूक्ष्म प्लास्टिकातच मोजतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०१७ साली अंदाज दिला होता, की जगाच्या समुद्रात थेट बारीक कणांच्याच रूपात जे प्लास्टिक जातं, त्यात कृत्रिम कपड्यांच्या धुण्याचा वाटा सुमारे ३५ टक्के आणि टायरच्या झिजेचा सुमारे २८ टक्के. द्वारकेच्या चौकात किती गाड्या थांबतात, सुटतात, पुन्हा थांबतात हे एकदा उभं राहून बघा. पहिला वळवाचा पाऊस आला की ती सारी काळी पूड गटारात आणि तिथून नासर्डीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि लेक, दोघी टाकळीच्या खाली नदीवर गेलो. सोबत छोटी बादली, तेच मलमलीचं फडकं, एक पांढरी थाळी आणि शाळेतलं भिंग. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे, हे आधीच सांगते. पाण्याच्या वरच्या थरातून वीस बादल्या भरल्या आणि एकाच फडक्यातून गाळल्या. पालापाचोळा काढून टाकल्यावर थाळीत राहिलं ते असं: एक लाल आणि दोन निळे धागे, पिशवीच्या पापुद्र्याचे कपटे, थर्मोकोलचे तीन दाणे, एक चकचकीत सोनेरी तुकडा. तो सोनेरी तुकडा मी लगेच ओळखला. देवीच्या चुनरीची जर. धाग्यांना सुई लावली, तर तिन्ही आक्रसले. लेक म्हणाली, "आई, हा निळा आपल्या पांघरुणाचा असेल?" तसं म्हणता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण मला रात्री झोप येईना.

मन खात होतं याचं आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकते. लग्नानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत गणपतीचं निर्माल्य मी स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, स्कूटरवर यांच्या मागे बसून, पुलावरून नदीत टाकलेलं आहे. पिशवीसकट. नमस्कारही केला होता वर. फुलं कुजली असतील. ती पिशवी, हारातला नायलॉनचा दोरा आणि प्लास्टिकची चमकी अजून कुठे ना कुठे भुगा होऊन फिरतच असणार.

शहराचं सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. तपोवनात आहे, आगर टाकळीला आहे, चेहेडी, पंचक इथेही आहेत. पण अशा केंद्रात जंतू घाण खातात. प्लास्टिक काही ते खात नाहीत. बरेचसे कण तळाच्या गाळात बसतात, हे खरं. मात्र तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर कणही शेतात जातात, आणि जे बसत नाहीत ते शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर नदीत. जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याचं तर बोलायलाच नको. शिवाय आमची गंगा पावसाळा सोडला की गंगापूर धरणातून सोडतील तेवढीच वाहते. वाहतं पाणी कमी आणि आमचं धुणं तेवढंच.

पूर आला की दृश्य आणखी वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं होतं, तेव्हा आम्ही सगळे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते विचारत होतो. आमच्या गावात पूर मोजायची ती जुनी पट्टी. पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांवर, खांबांवर, जाळ्यांवर चिंध्या लटकत होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक प्लास्टिकच्या. जे लटकलं नाही, ते खाली गेलं. खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं 'रामसर' स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. थंडीत लांबून बदकं, करकोचे येतात. पाणी तिथे संथ होतं आणि नदीनं वाहून आणलेलं तिथे स्थिरावतं. मग पुढे पैठणचा नाथसागर. एकूण १,४६५ किलोमीटर चालून गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, आणि आपण तिच्या पहिल्या पन्नास किलोमीटरांत बसलेले आहोत.

इतर नद्यांवर तर नीट मोजमाप झालेलं आहे. हरिद्वार, कानपूर आणि वाराणसी इथे गंगेच्या पाण्यात सूक्ष्म प्लास्टिक आढळल्याचा अहवाल २०२१ साली आला. सर्वांत जास्त वाराणसीला. त्याच वर्षी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या खाडीत पाहिलं, तर पाण्यात, गाळात, शिंपल्यांत आणि मासळीतही ते मिळालं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये २०१८ साली समुद्री मिठाच्या नमुन्यांत सापडलं. त्याच संशोधकांनी हेही सांगितलं, की वाळूतून साधं गाळून घेतलं तरी त्यातलं बहुतेक निघून जातं. म्हणजे उपाय फार महागडा असतोच असं नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पोटात गेलं तर काय होतं? २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. त्याआधी इटलीत सहा बाळंतिणींची वार तपासली, चौघींच्या वारेत कण होते. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. २०२४ साली इटलीतल्याच डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतला चरबीचा थर काढलेले रुग्ण पाहिले. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण साडेचारपट दिसलं. प्लास्टिकमुळेच हे झालं, असा निवाडा त्यावरून देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली पिण्याच्या पाण्याबद्दल घाबरवणारं काही म्हटलं नाही, अधिक संशोधन करा असं म्हटलं. तेव्हा घाबरून पाणी प्यायचं सोडू नका. पण पोर तीर्थ नको म्हणाली, तर तिच्यावर डोळे वटारावेत असंही आता मला वाटत नाही.

घरात मी काय बदललं ते सांगते. पाणी पाच मिनिटं खळखळून उकळते, झाकून निवू देते, न हलवता सुती फडक्यातून गाळते आणि तळाचा पेलाभर ओतून देते. चीनमधल्या एका संशोधनात (२०२४) असं आढळलं, की जड पाणी उकळलं की जो क्षार धरतो, त्यात प्लास्टिकचे कण गुंडाळले जातात आणि नव्वद टक्क्यांपर्यंत निघू शकतात. हलक्या पाण्यात मात्र पाव हिस्साच. म्हणजे बोअरचं पाणी असेल त्यांना याचा उपयोग जास्त. माझी आजी 'उकळून, निववून, गाळून' असं मंत्रासारखं म्हणायची, ते आठवलं.

धुण्याचं म्हणाल तर यंत्र अर्धं भरून लावायचं नाही. नाजूक कपड्यांसाठी म्हणून जे बटण असतं, त्यात पाणी जास्त लागतं आणि उलट तंतू जास्त सुटतात. गार पाणी आणि कमी वेळ बरा. स्वेटर आणि पांघरुणं हातानं हलकेच खंगाळते, ब्रश मारत नाही. हाताच्या धुण्यात तंतू बरेच कमी सुटतात, पण घासलं की ते जास्त सुटतात. फडक्यातला कापूस मोरीत झटकायचा नाही, नाहीतर सगळंच मुसळ केरात. तो कागदात गुंडाळून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात. फडकं दर धुण्याला सोडून साफ करा, नाहीतर पाणी तुंबतं आणि मोरीभर होतं. (हे अनुभवाचे बोल आहेत. त्या दिवशी यांचा पाय घसरला होता.) भांड्यांना पुन्हा काथ्या आणला आहे. हिरव्या घासणीचा झिजून अर्धा तुकडा उरतो, तेव्हा उरलेला अर्धा कुठे गेला, हा विचार इतकी वर्षं केलाच नव्हता. आणि लग्नाकार्यात कागदी पेल्यातला चहा घेत नाही. त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर शंभर मिलिलिटरमध्ये पंचवीस हजार कण उतरतात, असं खरगपूरच्या आय. आय. टी. नं २०२० साली दाखवलं. विहीणबाईंना राग आला तर येवो, मी आपला स्टीलचा पेला पर्समध्ये नेते.

एवढ्यानं गंगा स्वच्छ होईल असं मला वाटत नाही, आणि सगळं ओझं बायकांच्या मोरीवर टाकून बाकीच्यांनी मोकळं व्हावं, हेही मला पटत नाही. यंत्रं बनवणाऱ्यांनी गाळणी आत बसवूनच द्यायला काय हरकत आहे? राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर आहे. तरी पूजेच्या पुड्यापासून चुनरीपर्यंत सगळं घाटावर प्लास्टिकातच मिळतं. जिथे यात्रेकरू भांडी बाजारातून तांब्याचे गडू नेत, तिथे आज प्लास्टिकचे कॅन टांगलेले असतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो माणसं येतील. त्यांच्या हातात काय द्यायचं, हे तरी गावानं आधी ठरवावं.

राहिलं तीर्थाचं. पुढच्या पौर्णिमेला सासूबाई नेहमीप्रमाणे गडू घेऊन गेल्या. आल्या, देवाजवळ ठेवला. सकाळी पूजा झाल्यावर मात्र त्यांनी तो गडू तसाच राहू दिला आणि घरच्या उकळलेल्या, गाळलेल्या पाण्याचा कलश पुढे ओढला. मी बघतच राहिले. म्हणाल्या, "कलशपूजेत आपण गंगा, यमुना, गोदावरी, साऱ्यांना बोलावतोच ना? इतकी वर्षं बोलावते आहे, ती काय यायची नाही?" मग लेकीकडे वळून, "घे गं. हे चालेल ना तुझ्या बाईंना?" लेकीनं हात पुढे केला. सासूबाई हसल्या खऱ्या, पण आत उठून गेल्या तेव्हा पदरानं डोळे टिपत होत्या. साठ वर्षं ज्या पाण्यात त्या उतरल्या, ते पाणी नातीच्या हातावर घालता आलं नाही, याचं दुःख माझ्या सगळ्या वाचनानं कमी होण्यासारखं नव्हतं.

गेले तीन महिने फडक्यात निघालेला कापूस घंटागाडीत टाकायच्या आधी मी एका लोणच्याच्या बरणीत साठवला आहे. मुठीएवढा झाला आहे, करडा, मधूनमधून निळा आणि लाल. या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी ती बरणी तिळगुळाच्या ताटाशेजारी आणून ठेवली, आणि ब्लाऊजपीसच्या ऐवजी सुती रुमाल वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हा कसला हो कापूस, वाती करायला का?" सासूबाईंनी त्यांना बसवून घेतलं, काड्याची पेटी मागवली, आणि मला म्हणाल्या, "तो स्वेटर दाखव गं यांना आधी."